स्विस सेनानी-राजकारण्याचे चरित्र कसे लिहावे

सोळाव्या किंवा सतराव्या शतकातील स्विस कर्तबगार पुरुषाचे चरित्र लिहिताना ‘रणांगण’ आणि ‘राजकारण’ अशी दोन प्रकरणे पाडण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या काळी फौजेतील नाव नगरसभेत वजन मिळवून देई आणि नगरसभेतील वजनामुळे परदेशी राजाच्या पदरी पलटण उभी करता येई. ल्युसर्नच्या लुडविग प्फिफरचेच (1524–1594) पाहा. सप्टेंबर 1567 मध्ये त्याच्या सुमारे सहा हजार स्विस भालाईतांनी फ्रान्सचा तरुण राजा नववा चार्ल्स आणि राजमाता कॅथरिन द मेदिची यांना मध्ये घेऊन चौकोनी व्यूह रचला आणि ह्यूगनो (फ्रेंच प्रोटेस्टंट) घोडेस्वारांना दूर ठेवत राजा व राजमातेला मो गावाहून पॅरिसला सुखरूप पोहोचवले. पुढे 1570 च्या सुमारास तो ल्युसर्नचा शुल्टहाइस, म्हणजे नगरप्रमुख झाला. या दोन घटना एकाच परिच्छेदात याव्यात.

पदनामांचे ‘महापौर’ असे सरसकट भाषांतर करू नये. ल्युसर्न आणि बर्नमध्ये शुल्टहाइस, झुरिक आणि बाझेलमध्ये बुर्गरमाइस्टर, तर उरी, श्वीत्स यांसारख्या ग्रामीण कँटनांत (स्विस संघातील घटक राज्यांत) लांडअम्मान असे. शिवाय ल्युसर्नमध्ये दोन शुल्टहाइस एकेक वर्ष आळीपाळीने कारभार पाहत. त्यामुळे यादीत मधले वर्ष रिकामे दिसले म्हणून आपला नायक पदच्युत झाला असे समजण्याची घाई नको.

परदेशी राजांकडून येणाऱ्या तनख्याची नोंद पुढे आली की चरित्रकार एकतर ती लपवतो, नाहीतर लाच म्हणून मोकळा होतो. दोन्ही अर्धवटच. फ्रान्सशी 1521 मध्ये झालेल्या करारानुसार सैनिकभरतीच्या बदल्यात पैसा कँटनांना उघडपणे मिळे. मात्र काही व्यक्तींना खासगी तनखेही मिळत आणि त्यावरून वाद होत. म्हणून रक्कम कोणाच्या नावावर आहे, ते आधी पाहावे.

माहितीची सुरुवात स्वित्झर्लंडच्या ऐतिहासिक कोशापासून करावी. तो जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषांत इंटरनेटवर खुला आहे. घराण्यात तीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरतात, तेव्हा जन्मवर्ष, पत्नीचे माहेर आणि पद हे तिन्ही जुळल्याखेरीज माणूस ओळखू नये.

तारखांचा घोळ सर्वांत चिवट. बहुतेक कॅथलिक कँटनांनी 1584 मध्ये नवे, म्हणजे दहा दिवस पुढे असलेले ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, तर झुरिकने 1701 पर्यंत जुनेच चालवले. प्फिफरच्या पुढाकाराने सात कॅथलिक कँटनांनी आपल्या धर्माच्या रक्षणासाठी केलेला ‘सुवर्ण करार’ ल्युसर्नच्या दप्तरात 5 ऑक्टोबर 1586 चा आहे. झुरिकच्या कारकुनाच्या लेखी तो दिवस 25 सप्टेंबर होता.