शाळा जूनची, तयारी एप्रिलची

निकाल १ मेच्या आसपास लागतो आणि शाळा जूनच्या मध्याला भरते. विदर्भात उन्हामुळे आणखी आठ-पंधरा दिवसांनी. म्हणजे हातात चांगला दीड महिना असतो. तरी आमची खरेदी व्हायची ती शाळेच्या आदल्या रविवारी, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात धाकटी. त्या गर्दीत घासाघीस कोण करणार? दुकानदार काढून ठेवील ते पिशवीत भरायचं नि बाहेर पडायचं. तीन वर्षांपूर्वी त्या एका रविवारचा हिशेब नऊ हजारांवर गेला, आणि घरी येऊन कपाट उघडलं तर गेल्या वर्षीच्या सात कोऱ्या वह्या आत. तेव्हापासून ही यादी करते. थोरला यंदा आठवीत, धाकटी चौथीत. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, ते बदला. क्रम मात्र हाच ठेवा.

पहिलं काम घरातच, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाचतात. वार्षिक परीक्षा संपली की दोन्ही दप्तरं सतरंजीवर उपडी करायची. वह्यांचे दोन गठ्ठे: पूर्ण भरलेल्या रद्दीला, अर्ध्याहून जास्त कोऱ्या उरलेल्या बाजूला. या अर्ध्या वह्यांच्या पिना उचकटून मधली कोरी जोडपानं सोडवायची. पान फाडून काढलं तर त्याचा जोडीदार सुटा होतो आणि शिवणीत टिकत नाही. एकरेघी, दुरेघी, चौकटी असे वेगळे लावून बाइंडिंगवाल्याकडे द्यायचे. तो शिवतो, कडा कापतो, वर पुठ्ठा चढवतो. गेल्या मे महिन्यात चौदा अर्ध्या वह्यांतून आमच्या तीन जाडजूड रफ वह्या निघाल्या. त्यातल्या एका पानावर धाकटीचा भागाकार अर्धाच राहिला होता. तिनं आधी तो पुरा केला, मगच वही वापरायला घेतली.

त्याच बैठकीत कंपासपेटी उघडा. अख्खी पेटी कधीच खराब होत नाही. कोनमापक हरवतो, नाहीतर कर्कटकाचं टोक वाकतं. सुटा कोनमापक पाच-दहा रुपयांत मिळतो, त्यासाठी नवी पेटी कशाला? दप्तराचंही तसंच. चेन लागत नाही म्हणून दप्तर टाकून देणारे खूप पाहिलेत. बहुतेक वेळा चेन धड असते, फक्त रनर झिजलेला असतो. बॅगा दुरुस्त करणारा तो दहा मिनिटांत बदलून देतो. बाटलीच्या झाकणातली रबरी रिंग आणि डब्याची क्लिप हीसुद्धा याच दिवशी बघून ठेवा.

आता पुस्तकं. मूल सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीत असेल, तर बालभारतीची पुस्तकं शाळेतूनच मोफत मिळतात. हे माहीत असूनही काहीजण आधीच एक संच विकत घेऊन ठेवतात. नववी-दहावीची घ्यावी लागतात, पण त्यांच्या छापील किमती जड नाहीत. खिसा रिकामा करतात ती गाइडं आणि वर्कबुकं. तेव्हा पहिल्या दिवशी फक्त पाठ्यपुस्तक घ्या. गाइड लागतंय की नाही ते पहिल्या चाचणीनंतर ठरवा. पुस्तकांची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं निकालाच्याच आठवड्यात मागून ठेवा, जूनमध्ये कुणाकडे काही उरत नाही. मात्र पुस्तक तेच आहे ना ते आधी तपासा, कारण नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतो आहे. २०२५च्या जूनमध्ये पहिलीची पुस्तकं बदलली, तेव्हा जुना संच जपून ठेवलेल्या आयांचा हिरमोड झाला.

वह्यांची घाई करू नका. माझी फजिती इथलीच. थोरला तिसरीत असताना मी डझनभर दुरेघी घेऊन ठेवल्या आणि बाईंनी इंग्रजीसाठी चौरेघी सांगितल्या. वह्यांच्या दुकानात बदलून मिळत नाही, तशी पाटीच असते. आता मी जूनच्या सुरुवातीला फक्त सहा एकरेघी आणते आणि बाकीच्या शाळेची सूचना आल्यावर. शेजारच्या तीन घरांची यादी एकत्र केली की घाऊक दुकानदार डझनाचा भाव लावतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर आणि रंगखडू यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. जुन्या छापील किमतीचा माल कुठे पुढे केला जातोय का, ते वही उलटी करून बघा. पेनवर जीएसटी आहेच. अख्खं पेन घेण्याऐवजी रिफिल घ्या. कव्हरांसाठी खाकी कागदाची गुंडाळी पुरते. रफ वह्यांना जुन्या कॅलेंडरची पानं उत्तम, जाड आणि गुळगुळीत.

गणवेशावर थोडं सविस्तर सांगते, कारण इथे पालक गप्प बसून पैसे मोजतात. अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. शिक्षण विभागाने तशी परिपत्रकं काढलेली आहेत. प्रत्यक्षात होतं काय, की दुकानाचं नाव कागदावर नसतं, पण तो विशिष्ट चौकडा एकाच दुकानात मिळतो. आमच्या आधीच्या शाळेत हेच होतं. आम्ही पाचजणींनी शर्टचा नमुना घेऊन लक्ष्मी रोड पालथा घातला, तसंच कापड सापडलं, बिल्ले शाळेतून सुटे घेतले आणि गल्लीतल्या शिंप्याकडे शिवायला टाकलं. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढला तेव्हा कुरकुर झाली, नाही असं नाही. शिंप्याला आवर्जून सांगायचं, ‘दादा, माया जास्त सोडा,’ म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड ठेवा. बाजूला दोन बोटं माया आणि खाली चार बोटं दुमड असेल, तर स्कर्ट आरामात दोन वर्षं जातो. दिवाळीत उसवून खाली सोडलं की झालं. दोन गणवेश शिवायचे, तीन नाहीत. पावसात वाळत नाही ही भीती खरी, त्यासाठी गेल्या वर्षीचा एक हाताशी ठेवा. सरकारी शाळेत गणवेश मोफत असतो, पण हातात पडायला कधीकधी वेळ लागतो. तोवर तोच जुना.

बूट सगळ्यात शेवटी. मे महिन्यात मुलांचे पाय कसे वाढतात देव जाणे, एप्रिलात घेतलेला जोड जूनमध्ये चावतो. संध्याकाळी, मोजा घालून, अंगठ्यापुढे एक बोट जागा ठेवून घ्या. शाळा परवानगी देत असेल तर सप्टेंबरपर्यंत प्लास्टिकच्या सँडलवर भागवा आणि काळे बूट नंतर घ्या. पावसात भिजून त्यांचा तळ सुटतो. रेनकोट दप्तरावरून घालता येईल एवढा मोठा घेतला तर दप्तराचं वेगळं कव्हर लागत नाही.

येण्याजाण्याचा खर्च यादीत लिहायचा राहतो आणि वर्षभर तोच सलतो. व्हॅनवाल्या काकांशी बोलताना मे महिन्याचे पैसे घेणार का, हे आधीच स्पष्ट विचारा. एसटीच्या विद्यार्थी पासाला दोन तृतीयांश सवलत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत पास फुकट मिळतो. माझ्या जाऊबाईंची मुलगी गावाहून मंचरला तशीच जाते.

एवढे पैसे एकदम आणायचे कुठून? आम्ही जून ते एप्रिल दरमहा दीड हजार आरडीत टाकतो. अकरा महिन्यांचे साडेसोळा हजार आणि वर थोडं व्याज मे महिन्यात हातात येतं. माझ्या बहिणीची भिशी आहे, ती आपला नंबर मुद्दाम मे महिन्यात लावून घेते. काही करा, क्रेडिट कार्डावर दप्तर घेऊ नका. आरडीच्या पैशांतले दोन हजार मी वेगळ्या पाकिटात ठेवते आणि वर ‘जुलै’ लिहिते. चार्ट पेपर, चित्रकलेची वही, वर्गणी, ‘आई, उद्याच हवंय’ या सगळ्याची सोय त्यातून.

शाळेच्या आदल्या रात्री भरलेलं दप्तर वजनकाट्याच्या हुकाला लावून बघा. मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नको, म्हणजे पंचवीस किलोच्या पोरीला अडीच किलो. आमचं गेल्या वर्षी साडेतीन भरलं. एक किलो तर नुसतं पाणीच होतं. आता लिटरची बाटली रद्द. अर्ध्या लिटरची घरात होतीच, ओट्याखाली.