इंग्रजीतला 'बॅक' नेमका कसा वापरावा

'बॅक' म्हणजे पाठ, हे शाळकरी पोरालाही येतं. शब्दकोशातले डझनभर अर्थ घोकायचा सल्लाही सोडून द्या. अर्थ तोंडपाठ असतात, वाक्य तरीही फसतं.

आधी शरीर. आपली कंबर दुखते तेव्हा इंग्रजीत 'बॅक'च दुखते, नेमकं सांगायचं तर 'लोअर बॅक'. डॉक्टरांना 'वेस्ट पेन' सांगू नका. 'वेस्ट' म्हणजे जिथे पट्टा बांधतो तो घेर. 'माय बॅक इज पेनिंग' आपल्याकडे बोलताना खपून जातं, लिहिताना मात्र 'माय बॅक हर्ट्स'. मळहात म्हणजे 'बॅक ऑफ द हँड'. एवढं पुरे.

वाक्प्रचार सोपे आहेत. पाठ थोपटणे, पाठ फिरवणे, पाठीमागे बोलणे या सगळ्यांत 'बॅक' चालतो. 'पाठ करणे'मध्ये मात्र तो नाही, तिथे 'हार्ट' येतं: 'लर्न बाय हार्ट'.

आता खरी डोकेदुखी: 'मागे'. मलाही सगळ्यांत जास्त वेळ इथेच लागला, आणि 'मागे म्हणजे बिहाइंड' असं एका ओळीत उरकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. किल्ली कपाटाच्या आत, कपड्यांच्या घड्यांमागे सरकली असेल तर ती 'ॲट द बॅक ऑफ द कपबर्ड'. कपाट आणि भिंत यांच्या फटीत पडली असेल तर 'बिहाइंड द कपबर्ड'. दोन्ही वेळा आपण 'कपाटाच्या मागे' म्हणून मोकळे होतो, म्हणूनच घोळ होतो. स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही जागा त्या वस्तूचाच भाग आहे, की तिच्या पलीकडची? भाग असेल तर 'बॅक', पलीकडची असेल तर 'बिहाइंड'. बसमध्ये मागे बसलात तर 'ॲट द बॅक ऑफ द बस'. 'बिहाइंड द बस' म्हणालात तर तुम्ही रस्त्यावर.

त्यात अमेरिकन लोक 'इन बॅक ऑफ द हाउस' म्हणतात, अर्थ घराच्या मागे, बाहेर. 'इन द बॅक ऑफ द कार' म्हणजे मात्र गाडीतच, मागच्या सीटवर. फरक काय तो एका 'द'चा. तुम्ही 'इन बॅक ऑफ' वापरूच नका, फक्त ओळखा.

आणि 'बॅकसाइड' तर कायमचा हद्दपार करा. 'पार्किंग इज ऑन द बॅकसाइड' हे आपल्या माणसाला कळतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन वाचणाऱ्याला आधी ढुंगण आठवतं. इमारतीसाठी 'बिहाइंड द बिल्डिंग', कागदाच्या मागच्या बाजूसाठी 'ऑन द बॅक'.

बाकीचं झटपट. 'रिटर्न बॅक', 'रिप्लाय बॅक' नको, 'रिटर्न' आणि 'रिप्लाय'मध्ये परत येणं आहेच. सर्वनाम मध्ये घाला: 'कॉल मी बॅक', 'गिव्ह इट बॅक'. 'बॅक अप' क्रियापद असेल तर दोन शब्द, नाम असेल तर 'बॅकअप' एकच. 'टू इयर्स बॅक' गप्पांत ठीक, अर्जात 'अगो' लिहा.

मीटिंग 'पुश्ड बॅक' झाली म्हणजे आपल्या भाषेत पुढे ढकलली. इंग्रजी मागे लोटतं तिथे आपण पुढे. 'मूव्ह्ड बॅक' वाचून तर इंग्रजी मातृभाषा असलेलेही कधीकधी गोंधळतात. त्यामुळे निरोप पाठवताना थेट नवी तारीख आणि वेळ लिहा.