पळसाच्या फुलांनी रुमाल रंगवताना

इंदूरला रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघण्याच्या आठवडाभर आधी माळव्यातला पळस, म्हणजे इथल्या बोलीतला टेसू, भरात असतो. झाडाखाली गळालेली फुले वेचून आणावीत, फांदी मोडू नये.

सुमारे 100 ग्रॅम वजनाच्या सुती रुमालांसाठी 100 ग्रॅम वाळलेली फुले पुरतात. रुमाल आधी साबणाने स्वच्छ धुऊन, 15 ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवावेत, कारण तुरटीमुळेच रंग धाग्याला धरून राहतो आणि ही पायरी टाळली तर पहिल्याच धुण्यात तो बराचसा उतरतो. फुले स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर तासभर उकळून पाणी गाळावे व पिळलेले रुमाल त्यात अर्धा तास गरम ठेवावेत. लोखंडी कढई मात्र वापरू नये, तिच्यामुळे रंग मळकट होतो.

पिवळा रंग केशरीकडे झुकावा असे वाटल्यास पाण्यात खाण्याच्या चुन्याची चिमूट टाकावी (मला स्वतःला बिनचुन्याचा पिवळाच अधिक आवडतो). रुमाल सावलीतच वाळवावेत.