तेरडा, झेंडू आणि कोंबडा: घरच्या बियांपासून रोपांपर्यंत

दसऱ्याच्या तोरणातील सुकलेल्या झेंडूचे बी पेरण्याची पद्धत घरोघरी आहे. परंतु ती फुले पक्व होण्याआधीच तोडलेली असल्यामुळे त्यांतील पुष्कळ बी पोचट निघते. बी धरायचे असेल, तर सशक्त झाडावरील दोन-चार फुले देठ तपकिरी होईपर्यंत झाडावरच राखून ठेवावीत. फूल उकलल्यावर पाकळ्यांच्या तळाशी जी काळी, काडीसारखी बारीक टोके दिसतात, तेच बी होय. नखाने दाबून पाहावे: भरलेले बी घट्ट लागते, पोचट चपटे होते. संकरित झेंडूच्या बियांपासून मात्र मूळ झाडासारखीच फुले येतील, असे धरून चालू नये.

तेरड्याचे बोंड केसाळ असते आणि पिकले की स्पर्श होताच त्याच्या सालीच्या फाका गुंडाळल्या जाऊन गोल, तपकिरी बी दूर उडते. म्हणून ते हिरव्याचे पिवळसर होऊ लागताच संपूर्ण मुठीत धरून तोडावे. कोंबड्याचे बी तुऱ्याच्या खालच्या बाजूस, दांड्यालगत असते. तुरा कागदावर चोळला की काळे, चकचकीत, खसखशीइतके बारीक दाणे गळतात.

सर्व बी सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पाकिटात भरावे आणि त्यावर फुलाचे नाव, रंग व महिना त्याच दिवशी लिहावा, कारण पुढे आठवणीवर विसंबून काहीच ओळखता येत नाही.

जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर माती व कुजलेले शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात बी पेरून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. पाणी साचले तर रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात, म्हणून वाफा उंच हवा. उगवलेली रोपे तणातून ओळखता यायला हवीत. झेंडूची पहिली खरी पाने (उगवतानाच्या दोन साध्या पानांनंतरची) कातरलेली असतात आणि चुरगळल्यास त्यांना झेंडूचाच वास येतो. तेरड्याचे खोड कोवळेपणीच रसदार व जवळजवळ पारदर्शक दिसते. ओळखण्यात खरी अडचण कोंबड्याची आहे, कारण रानातील कुर्डू त्याचाच सख्खा भाऊ असून दोघांची रोपे सारखीच दिसतात. कोंबडा नेहमी सरळ ओळीत पेरावा आणि ओळीबाहेर उगवलेले रोप कुर्डू समजून काढून टाकावे. कुर्डूच्या कोवळ्या पाल्याची भाजी उत्तम होते.

चार-पाच पाने आल्यावर ढगाळ दिवशी किंवा सायंकाळी, मुळांभोवतीची माती न झटकता, रोपे सुमारे एक फूट अंतराने लावावीत.