पुण्यात पदवीसाठी प्रवेश घेताना या चुका टाळा

प्रवेशाच्या हंगामात पुण्यात येणारे पालक महाविद्यालयाची इमारत, वसतिगृह आणि नोकऱ्यांचे आकडे बारकाईने पाहतात; पदवी कोणते विद्यापीठ देणार, हा प्रश्न मात्र अनेकांना शुल्क भरून झाल्यावर सुचतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे (केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था) आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. त्यामुळे महाविद्यालय पुण्यात आहे म्हणजे पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचीच असणार, हे गृहीत धरू नये. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय पुणे स्थानकाजवळ आहे, पण तिथली पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. १८५४ साली सुरू झालेले सीओईपी हे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२पासून स्वतःच विद्यापीठ आहे. स्वायत्त महाविद्यालयाचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या स्वतःच्या असल्या, तरी पदवी ते ज्या विद्यापीठाशी संलग्न आहे त्याचीच मिळते.

सर्वांत महागात पडते ती प्रवेशाच्या मार्गाबाबतची चूक. संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयांतील बहुतांश जागा राज्य सीईटी कक्षाच्या (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून भरल्या जातात आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही चौकट लागू नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी तर प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा लागतो. फेऱ्यांच्या धास्तीने आधीच व्यवस्थापन कोट्यातील (महाविद्यालय स्वतः भरते ती) जागा घेणारे कुटुंब नंतर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज भरायला बसते, तेव्हा ही सवलत हातची गेलेली असते. मध्यमवर्गीय घरासाठी हा फटका मोठा आहे, म्हणून पहिल्या फेरीपूर्वीच शिष्यवृत्तीचे निकष वाचावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या दोन राष्ट्रीय यंत्रणांपैकी नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, एनबीएचे मानांकन मात्र एकेका अभ्यासक्रमाला असते, याचीही नोंद घ्यावी.

शंका असल्यास संबंधित विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील संलग्न महाविद्यालयांची यादी आणि आयोगाने प्रसिद्ध केलेली बनावट विद्यापीठांची यादी तपासावी, तसेच एखाद्या माजी विद्यार्थ्याचे पदवी प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहावे. परराज्यातील खासगी विद्यापीठाची नियमित पदवी पुण्यातल्या एखाद्या केंद्रात बसून मिळेल, असे कोणी सांगत असेल, तर पैसे देऊ नयेत; आयोगाच्या नियमांनुसार खासगी विद्यापीठाला महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. दूरस्थ वा ऑनलाइन पदवीची गोष्ट वेगळी. तिथे त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता त्या सत्रासाठी आहे का, हे पाहावे लागते. प्रवेश रद्द करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे महाविद्यालयाने अडवून ठेवल्यास प्राचार्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि मग विद्यापीठाकडे व आयोगाकडे तक्रार करावी, कारण मूळ कागदपत्रे ठेवून घेण्यास आयोगाची स्पष्ट मनाई आहे.