दोष कळवूनही सॉफ्टवेअर कंपनी उत्तर देत नसेल तर

दोष कळवताच तक्रार क्रमांक येतो आणि मग महिनाभर शांतता पसरते, हा अनुभव आमच्या कार्यालयाने हिशेबाच्या एका प्रणालीबाबत घेतला आहे. ‘बिल निघत नाही’ एवढीच तक्रार हमखास बाजूला पडते. म्हणून आवृत्ती क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, कोणत्या क्रमाने काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे लिहून त्रुटीचा संदेश जसाच्या तसा मजकूर म्हणून जोडावा. शक्य असल्यास तोच दोष बनावट नोंदींवर पुन्हा घडवून दाखवावा, कारण त्यानंतर ‘आमच्याकडे असे होत नाही’ या ठरलेल्या उत्तराला जागा उरत नाही, शिवाय ग्राहकांची खरी माहितीही बाहेर जात नाही.

एका तक्रारीत एकच दोष असावा आणि स्मरणपत्र त्याच क्रमांकाखाली पाठवावे.

देखभाल करार मात्र नीट वाचावा. त्यात प्रतिसादाची मुदत आणि दुरुस्तीची मुदत वेगळी असते; यंत्राने पाठवलेली पोच हाच प्रतिसाद मानला जात असेल, तर नूतनीकरणाचे पैसे भरण्यापूर्वीच दुरुस्तीची तारीख लेखी मागावी, कारण तेवढ्याच काळात विक्री विभाग फोन उचलतो.

दोष सुरक्षेचा असेल आणि कंपनी गप्प राहिली, तर भारतात तो सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येतो. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या सुरक्षेचे दोष शोधणाऱ्या गटाने तर कंपन्यांना दुरुस्तीसाठी साधारणपणे 90 दिवसांची मुदत देण्याचा प्रघात पाडला आहे.