नवरात्रात ऊन पडलं म्हणून पंप कपाटात? दम्याच्या बाबतीत या चुका टाळा

कोकणात दम्याला पावसाळी दुखणं समजतात. मिरग लागला की छातीत घरघर सुरू, नवरात्रात ऊन पडलं की पंप (इन्हेलर) कपाटात. बहुतेक चुका या एका समजुतीतून निघतात. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना आतून सूज असते आणि ती बहुधा बारा महिने टिकते. पावसात ती जास्त ऐकू येते, एवढंच.

चूक पहिली: बरं वाटलं, पंप बंद

पंप दोन कामांचे असतात. सालब्युटामॉलचा (बहुतेकांच्या तोंडी 'निळा पंप') नळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत मोकळं वाटतं, चार-सहा तासांत असर ओसरतो. सुजेला मात्र तो हात लावत नाही. ते काम बुडेसोनाइडसारख्या स्टिरॉइडच्या पंपाचं. त्याचा गुण यायला दिवस-आठवडे लागतात आणि घेतल्याबरोबर काहीच जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडतात आणि निळा खिशात ठेवतात. नेमकं उलटं. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढणारी 'जिना' ही संस्था २०१९ पासून सांगते आहे की नुसत्या निळ्या पंपावर दमा काढू नये. निळा पंप आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. काहींना फॉर्मोटेरॉल आणि स्टिरॉइड एकत्र असलेला एकच पंप दोन्ही कामांसाठी देतात. आपला कोणता, तो रोजचा की लागेल तेव्हाचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

"डॉक्टरांनू, पंप नको, गोळी देवा," हे दवाखान्यात हमखास ऐकू येतं, कारण पंपाची सवय लागते असं कुणीतरी सांगितलेलं असतं. जरा हिशोब करा. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका झटक्यात १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे एका गोळीत ४० झटक्यांचं औषध पोटात जातं, अंगभर फिरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. जे औषध नेमकं छातीत पोचतं आणि कमी लागतं त्याला घाबरायचं आणि गोळी बिनधास्त गिळायची, हे तर्कात बसत नाही. पंप बंद झाल्यावर दम लागतो तो दमा असल्यामुळे. चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं म्हणून कुणी चष्म्याची सवय लागली म्हणत नाही.

पंप घेऊनही फरक पडत नाही?

औषध बदलण्याआधी हात बघा. पंप हलवला का? आधी श्वास पूर्ण बाहेर सोडला का? दाबणं आणि सावकाश खोल ओढणं एकाच वेळी झालं का? मग दहा सेकंद श्वास धरायचा आणि दुसऱ्या झटक्याआधी अर्धा-एक मिनिट थांबायचं. बऱ्याच जणांचं औषध जिभेवर आणि टाळूला बसतं, छातीत जातच नाही. यावर सोपा उपाय स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तर तो हवाच. तो साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

रोटाहेलरची (औषधाच्या पुडीची कॅप्सूल घालून ओढायचं यंत्र) तऱ्हा उलटी. त्यात जोराने आणि भरभर ओढायचं, आणि यंत्रात श्वास सोडायचा नाही. कॅप्सूल गिळायची नसते, हेही सांगावं लागतं. कोकणात आणखी एक भानगड असते: आषाढात मीठ पाझरतं तशी कॅप्सूलमधली पूडही ओल धरते आणि गोळा होते. पाकिटातून कॅप्सूल आयत्या वेळीच काढा. आठवड्याभराच्या काढून डबीत भरून ठेवू नका.

पंप रिकामा आहे का हे पाण्यात तरंगवून कळत नाही. मोजणीचा आकडा असलेला पंप मागा. नसेल तर सुरू केल्याची तारीख खोक्यावर लिहा.

घर साफ कोण करतो?

श्रावणात चिऱ्याच्या भिंतीवर, चपलांवर, कपाटामागे बुरशी धरते. ती कोरड्या झाडूने झटकणं म्हणजे घरभर तिची पेरणी करणं. साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, आणि हे काम दमेकऱ्याने करू नये. चाकरमानी वर्षभर बंद असलेलं घर गणपतीला उघडतात तेव्हा तर मुळीच नाही. ज्याला दमा आहे त्याने माळा, मांगर आणि रंगकाम संपेपर्यंत खळ्यात बसावं. बाकीच्यांनी कुरकुर केली तर करू द्यावी.

बुरशीपेक्षा लपलेला शत्रू म्हणजे अंथरुणातले सूक्ष्म किडे, धूळमाइट. ते हवेतल्या ओलाव्यावरच जगतात, त्यामुळे समुद्रकाठ त्यांना मानवतो. मुंबई सोडून 'गावची शुद्ध हवा' घ्यायला आलेल्यांचा दमा इथे वाढला तर त्यात नवल नाही. गाड्यांचा धूर कमी झाला, पण उशीखालची ओल वाढली. सावरीच्या कापसाची जुनी उशी, आजीची गोधडी, घोंगडी, पलंगाखालची गाठोडी, सगळी त्यांची वस्ती. चादरी-अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवा, साधारण ६० अंशांचं पाणी लागतं. नुसतं ऊन दाखवून भागत नाही, कारण मेलेल्या किड्यांचा भुगा आणि विष्ठा तशीच राहते. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नका, पडवीत घाला.

धूळमाइट आणि कोलंबी-चिंगूळ यांच्यात एक प्रथिन बरंच सारखं असतं. म्हणून एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना दुसऱ्याचीही निघते. कोलंबी खाल्ल्यावर किंवा शिजताना नाक-छाती भरत असेल तर डॉक्टरांना सांगा. उगीच सरसकट मासे, भात, केळी, ताक बंद करू नका. त्याने फक्त माणूस खंगतो.

पावसानंतरचा धूर

आता ती 'पावसाळी दुखणं' वाली समजूत कुठे आपटते ते बघा. ऊन तापलं की भाजावळ सुरू होते: पालापाचोळा, शेण, कवळं (तोडलेल्या पानाळ फांद्या) पेटतात आणि धूर सड्यावरून वाडीत उतरतो. शिमग्याची होळी. मे महिन्यात अंगणात काजूबिया भाजणं. काजूच्या टरफलातलं तेल तिखट, जळजळीत असतं, धट्टाकट्टा माणूसही खोकतो. पंप ऑक्टोबरात बंद केलेला, सूज आतल्या आत वाढलेली, आणि मग लोक म्हणतात, "औंदा उन्हाळ्यात कसो काय उठलो?"

रोजचा धूर चुलीचा आणि कासवछाप कॉइलचा. कॉइलऐवजी मच्छरदाणी. आणि चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईची धाप दमाच असेल असं नाही. धुराने फुफ्फुसं कायमची झिजतात (सीओपीडी), तो आजार वेगळा, उपचारही थोडा वेगळा. स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची तपासणी) केल्याशिवाय अंदाजाने वर्षानुवर्षं औषध घेऊ नये. रात्री आडवं झालं की दम लागतो आणि पाय सुजतात, तेव्हा हृदयही तपासायला हवं.

दुसऱ्या दुखण्याच्या गोळ्या

रक्तदाबाचे डॉक्टर सावंतवाडीत, डोळ्यांचे रत्नागिरीत, आणि मोठं काही निघालं तर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय. प्रत्येकाकडे वेगळी फाइल. रक्तदाबाच्या प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या दमा भडकवू शकतात, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा. लावणीनंतर अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक काही दमेकऱ्यांना चालत नाही. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्याच गोळ्यांनी काहींना सुका खोकला येतो, तो दमा समजून पंप वाढवला जातो. स्वतःहून काही बंद करू नका, पण सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरपुढे ओता.

मृगाला हैदराबादेत जिवंत मासा गिळून दमा जातो याला पुरावा नाही. वाफाऱ्याने नाक सुटतं, श्वासनलिका नाही. सगळ्यात घातक म्हणजे नाव नसलेली, दोन दिवसांत चमत्कार करणारी पुडी. अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

लाइट गेल्यावर

नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून मास्कमधून देणारं यंत्र) विजेवर चालतो. वादळात लाइट किती दिवस जाते हे ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडकरांना सांगायला नको. साध्या आणि मध्यम उबळीत स्पेसर लावलेला पंप नेब्युलायझरइतकंच काम करतो. मिरगाआधी एक जादा पंप आणून ठेवा.

उबळ आली की माणसाला बसतं ठेवा, आडवं करू नका. निळ्या पंपाचे चार झटके स्पेसरमधून एकेक करून द्या, चार मिनिटं थांबा, मग पुन्हा चार. (डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर तसंच.) वाक्य पुरं बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने फरक पडत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत झटके चालू ठेवा. छातीतली घरघर एकदम थांबली आणि माणूस पेंगुळला, तर ते बरं वाटणं नव्हे. हवाच आत जात नाहीये. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर शेजारची रिक्षा काढा, आणि पंप-स्पेसर घरी विसरू नका.